शोगीचा डाव मधीच अडकतो, चाल बसत नाही, टाइम जातो: राउटरला शिव्या देण्याआधी हे बघा

शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. आपल्याकडं हे खेळणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके, त्यामुळं अडलं तर विचारायचं कुणाला हाच पहिला प्रॉब्लेम, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकायलो. मी सेलूला राहतो, डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे, लग्नपत्रिका, सातबारा, फॉर्म भरणं हेच दिवसभर चालू असतं आणि गिऱ्हाईक नसलं की एका टॅबमधी शोगी. मला सहा-सात महिने एकच दुखणं होतं. डाव बरा चाललेला असतो अन् मधीच कायतरी होतं, सोंगटी दाबली तरी बसत नाही, नाहीतर स्क्रीन गप्प बसून राहते, नाहीतर घड्याळ शून्यावर, आणि मग जपानी अक्षराची मोठी पट्टी येते. त्या पट्टीचा अर्थ न वाचताच कळतो.

दुकानात कायबी अडलं की आपला हात आधी राउटरकडं जातो. मी तेच केलं. राउटर बंद-चालू, सिम बदल, ब्राउझर बदल, एकदा तर केबलवाल्या पोराला खांबावर चढवलं, त्यानं सगळी लाईन तपासली आणि खाली येऊन म्हणला, "लाईन एकदम ओके आहे सर, तुमचं नेमकं काय अडायलंय?" मी म्हणलं एक फॉर्म आहे. काय सांगणार दुसरं.

मग मी एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला लागलो. डाव अडला की लगेच दुसऱ्या टॅबमधी दुसरी कुठलीबी साइट उघडायची, उघडली तर बरोबरची खूण, नाही उघडली तर फुली. महिन्याभरानं पान बघतो तर निम्म्यापेक्षा जास्त वेळा नेट चालूच होतं! म्हणजे औषध एकाचं अन् आजार भलताच. ज्याला मी नेट समजत होतो तो खेळाचा नियम निघाला नाहीतर भाषा निघाली, आणि ज्याला भाषा समजून डोकं फोडत होतो त्यातलं बरंच टेक्निकल निघालं. त्यामुळं तुमचंबी अडत असेल तर आधी दुसरा टॅब उघडून बघा, मग पुढचं वाचा.

सगळ्यात जास्त डाव माझे घड्याळावर गेले, म्हणून ते आधी. आपण साधं बुद्धिबळ ऑनलाइन खेळलेलं असतं, तिथं ३ मिनिटं अधिक २ सेकंद म्हणजे दर चालीला २ सेकंद खात्यात जमा, पटपट खेळलं तर शिल्लक वाढते. शोगीत तसं नाही. तिथं ब्योयोमी असतं, म्हणजे तुमचा मेन टाइम, समजा १० मिनिटं, संपला की त्याच्यापुढं दर चालीला ३० सेकंद मिळतात आणि ते ३० फक्त त्या चालीपुरते. तुम्ही ५ सेकंदात खेळलात तर उरलेले २५ कुठंच जमा होत नाहीत, पुढच्या चालीला परत ३० च. मी येड्यासारखा पटापट खेळून बचत करायलो आणि अवघड जागी बचत काढायला गेलो की खातं रिकामं. सर्व्हरला लई शिव्या दिल्या, पण सर्व्हर बिचारा बरोबर होता. आता मी ब्योयोमीत २५ व्या सेकंदापर्यंत निवांत बसतो, सोपी चाल असली तरी, कारण तो टाइम फुकटचा आहे आणि त्यात पुढच्या दोन चाली बघून होतात.

यात अजून एक बारीक काटा आहे. बऱ्याच ठिकाणी शेवटच्या १० सेकंदाला एक बाई जपानीत मोजते, इचि, नि, सान. आपल्याला मराठी माणसाला एक-दोन-तीन ऐकलं की वाटतं आत्ता तर सुरुवात झाली. इथं ते उलटं आहे, एक म्हणलं म्हणजे ९ सेकंद उरले. 'हाचि' म्हणजे आठ अन् 'क्यू' म्हणजे नऊ, क्यू ऐकू आलं अन् बोट अजून हवेत असलं तर गेलं. मी तर आवाज म्यूट करून बसायचो कारण गिऱ्हाईक विचारायचे हे काय लावलंय, आणि म्यूट केल्यावर सूचनाच गेली. आणि काही ॲपवर ब्योयोमी नसतंच, १० मिनिटं म्हणजे १० मिनिटं, नंतर खल्लास, त्याला किरेमाके म्हणतात. डाव सुरू करायच्या आधी यातलं कुठलं आहे ते बघून घ्या, नाहीतर ३० सेकंदाच्या भरवशावर बसाल.

आता स्क्रीन हँग होते ते प्रकरण. हे मला वाटतं सगळ्या नवीन लोकांना होत असणार. शोगीत समोरच्याच्या शेवटच्या ३ ओळीत सोंगटी गेली की तिला बढती मिळते, पण ती घ्यायची का नाही हे तुम्ही ठरवायचं. सोंगटी त्या पट्ट्यात जाताना, त्याच्या आत हलताना, आणि त्यातून बाहेर येतानाबी, दर वेळी खेळ तुम्हाला विचारतो. तो प्रश्न जपानीत, दोन बटणं, आणि माझ्या मोबाइलवर ती दोन्ही बटणं स्क्रीनच्या खाली गेलेली! कारण हा मोबाइल आधी आमच्या अण्णाकडं होता आणि त्यांना दिसावं म्हणून डिस्प्ले साइज एकदम मोठा करून ठेवलेला. म्हणजे मी समजायलो ॲप हँग झालं आणि ॲप समजायलं हा माणूस विचार करायला, आणि दोघांच्या मधी घड्याळ पळायलं. सेटिंगमधी डिस्प्ले साइज एक पायरी कमी केला की बटणं वर आली. ते जमत नसेल तर मोबाइल आडवा करून बघा.

बटणं दिसली तरी कुठलं दाबायचं? बहुतेक ठिकाणी अक्षराऐवजी सोंगटीचंच चित्र असतं, बढतीवाली बऱ्याचदा लाल. डोळे झाकून बढती घेऊ नका मात्र. हत्ती, उंट, प्यादं यांची जवळजवळ कायम घ्यावी, पण चांदी नावाची सोंगटी आहे तिला बढती दिली की ती सोन्यासारखी चालते आणि मागं तिरकं जायची तिची ताकद जाते, त्यामुळं चांदीला कधी कधी तसंच ठेवतात. सोनं आणि राजा यांना बढती नसतेच. आणि प्यादं किंवा भाला शेवटच्या ओळीत गेला, किंवा घोडा शेवटच्या दोन ओळीत, तर प्रश्न येतच नाही, आपोआप बढती, कारण तिथून त्यांना पुढं जायला जागाच नसते. म्हणजे कधी प्रश्न येतो कधी येत नाही, यात बग काही नाही.

चाल बसत नाही याचं कारण मात्र मला लई उशिरा कळलं. शोगीत मारलेली सोंगटी मरत नाही, ती तुमच्या हातात येते आणि तुमच्याकडून परत पटावर उतरवता येते. अण्णाला मी हे सांगितलं तर ते पेपर खाली ठेवून म्हणले, "म्हणजे काल त्यांच्याकडून लढलेला आज आपल्याकडून? हे बुद्धिबळ कामून म्हणायलास, ही तर निवडणूक झाली." तर हातातलं प्यादं मी एका घरात ठेवायला जायचो आणि ते परत हातात यायचं. परत ठेवायचो, परत यायचं. पाच-सहा वेळा दाबून मी रिफ्रेश मारायचो, रिफ्रेशमधी वेळ जायचा, आणि वहीत लिहायचो "टच खराब". टच खराब नव्हता. एका उभ्या रांगेत तुमची दोन साधी प्यादी चालत नाहीत, याला निफु म्हणतात. बढती मिळालेलं प्यादं यात धरत नाहीत, त्याला तोकिन म्हणतात, ते त्या रांगेत असलं तर दुसरं ठेवता येतं. आणि हातातलं प्यादं ठेवून तिथल्या तिथं मात करणं हेबी चालत नाही. प्यादं ठेवून नुसता शह दिला तर चालतो, पटावरचं प्यादं पुढं ढकलून मात केली तरी चालते, ठेवून मात फक्त नाही. ज्यानं हा नियम काढला त्याला मी कधी भेटलो तर विचारणार आहे.

ऑनलाइन निदान चाल परत येते. समोरासमोर खेळताना निफु केलं की तिथंच हार. २०१५ मधी जपानच्या एनएचके टीव्हीवरच्या स्पर्धेत ८ दानचा (दान म्हणजे खेळाडूचा दर्जा) एक प्रोफेशनल खेळाडू सेमीफायनलला निफु करून हरला, तेव्हा आपण सेलूत बसून केलं तर लाज वाटून घेऊ नका. प्यादं परत आलं की फक्त त्या रांगेवरून खालपासून वरपर्यंत नजर टाका, टच नंतर बघू.

आता उलटी बाजू, म्हणजे भाषा वाटली अन् टेक्निकल निघालं, आणि एक दोन वेळा दोन्हीबी एकदम.

सोंगट्या ओळखू येत नाहीत ही सगळ्यांचीच बोंब. ९ बाय ९ चा पट, ८१ घरं, दोन्हीकडच्या मिळून ४० सोंगट्या, सगळ्या एकाच रंगाच्या, टोक ज्याच्याकडं त्याच्याकडं त्या हल्ला करायला निघालेल्या. मला वाटायचं आपल्याला जपानी येत नाही म्हणून दिसत नाही. पण खरं दुखणं असं की माझ्या मोबाइलवर रात्रीचं वाचन मोड चालू होतं, त्यात सगळं काळं-पांढरं होतं, आणि बढतीवाल्या सोंगट्या लाल असतात तो लाल रंगच गायब. उंट कुठला अन् बढतीचा उंट कुठला काय कळणार? तो मोड बंद केला आणि अर्धी भाषा आपोआप यायला लागली. राहिलेल्या अर्ध्यासाठी लिशोगीवर किंवा ८१ डोजोवर जा, तिथं इंग्रजी चालतं आणि सेटिंगमधी सोंगट्यांचा संच बदलता येतो, चित्रवाला इंटरनॅशनल संच असतो, एकच अक्षर असलेलाबी असतो. चित्रवाला मी दोन आठवडे वापरला आणि मुद्दाम काढून टाकला, कारण राजाला मात करायची कोडी असतात त्सुमे-शोगी म्हणून, ते आणि जपानी व्हिडिओ सगळे अक्षरातच असतात, तिथं गेल्यावर परत अंगठाछाप. अक्षरं तशी डीटीपीवाल्याच्या नजरेनं बघितली तर अवघड नाहीत. सोन्याच्या अक्षराला वर घरासारखं छप्पर आहे, चांदीच्या अक्षरात डाव्या अंगाला तेच सोनं बारीक होऊन बसलंय, आणि तोकिन म्हणजे शिरोरेषा काढलेला ट.

राजाची गंमत सांगायची राहिली. माझ्या राजावर एक बारीक ठिपका दिसायचा, समोरच्याच्या राजावर नाही. मी कापडानं पुसलं, मग टेम्पर्ड ग्लास बदलला, दीडशे रुपये गेले, ठिपका तिथंच. तो ठिपका अक्षराचाच भाग आहे. दोन राजांपैकी एक 'ओशो' अन् दुसरा ठिपकावाला 'ग्योकु', आणि मोठ्या दर्जाचा खेळाडू बिनठिपक्याचा राजा घेतो. म्हणजे ठिपका मला सांगायला होता की तू लहान आहेस, आणि मी त्याला पुसायलो.

रजिस्ट्रेशन. एका जपानी साइटवर माझा फॉर्म आठ दिवस जात नव्हता, लाल अक्षरात एकच ओळ यायची. मी लोकांचे फॉर्म भरून पोट भरतो आणि माझाच अडला! भाषांतर ॲपला फोटो दाखवला तर ते म्हणलं "अर्धी रुंदी". कसली रुंदी? तर जपानी कीबोर्डवर आकडे अन् इंग्रजी अक्षरं दोन मापात येतात, पूर्ण रुंदीची आणि अर्ध्या रुंदीची, आणि साइटला अर्ध्या रुंदीचीच पाहिजे असतात, म्हणजे आपली साधी इंग्रजी. माझा कीबोर्ड मराठीवर, मी पासवर्डमधी मराठी आकडे टाकायलो. पासवर्ड ठिपक्यांनी झाकलेला, दिसणार कसं? कीबोर्ड इंग्रजीवर केला, एका मिनिटात काम झालं.

खेळलेला डाव डाउनलोड केला आणि उघडल्यावर नुसता कचरा दिसतो, हे ज्यांनी कृतीदेव अन् श्रीलिपीचे दिवस काढलेत त्यांना समजवायची गरज नाही. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर कृतीदेवची पत्रिका उघडली की जसं होतं तसंच आहे हे, फाइल खराब नसते, वाचायची पद्धत चुकलेली असते. शोगीच्या डावाची केआयएफ नावाची फाइल बऱ्याचदा शिफ्ट-जेआयएस या जुन्या जपानी एन्कोडिंगमधी असते आणि आपला एडिटर तिला युटीएफ-८ समजतो. एडिटरमधी एन्कोडिंग शिफ्ट-जेआयएस निवडा, अक्षरं जागेवर येतात. त्यापेक्षा सोपं म्हणजे सीएसए फॉरमॅटमधी डाउनलोड करा, त्यात जपानी अक्षराशिवाय काम भागतं, एफयू म्हणजे प्यादं, केआय सोनं, जीआय चांदी, एचआय हत्ती, केए उंट. डावाची पहिली चाल ७७७६एफयू अशी दिसते, म्हणजे ७७ घरातलं प्यादं ७६ ला. फक्त उभ्या रांगा उजवीकडून मोजायच्या, आमच्याकडं निजामाच्या काळातले उर्दू कागद असतात ना तसं, आणि आडव्या वरून खाली. बुद्धिबळाच्या सवयीनं डावीकडून मोजलं की प्रत्येक चाल चुकीची वाटते. पहिली चाल काळ्याची असते हेबी ध्यानात ठेवा, सोंगट्या एकाच रंगाच्या असल्या तरी आधी खेळणाऱ्याला काळा म्हणतात.

आता खरंच नेट जातं त्याबद्दल, कारण वहीत फुल्याबी होत्या. शोगीला स्पीड लागत नाही, एका चालीला जातो तो डेटा चिमूटभर, त्यामुळं स्पीडटेस्टचा आकडा बघून काय उपयोग नाही. तुटू नये एवढंच पाहिजे. माझं तुटायचं ते तीन कारणानं. मोबाइलमधी दोन सिम आणि "डेटा आपोआप बदला" चालू, दुकानाच्या वायफायवरून सिमवर अन् एका सिमवरून दुसऱ्यावर उडी मारली की कनेक्शन नव्यानं जोडावं लागतं आणि तेवढ्यात १०-१५ सेकंद जातात, ब्योयोमीत ते परवडत नाहीत. ते बंद करा. दुसरं, बॅटरी सेव्हर. आपण चाल विचार करायला मोबाइल खाली ठेवतो, स्क्रीन काळी होते आणि तो मागचं ॲप झोपवून टाकतो. ब्राउझरला त्यातून वगळा आणि स्क्रीन टाइमआउट १० मिनिटं ठेवा. तिसरं कारण तुम्हाला माहितीच आहे, लाईट. लाईट गेली की राउटर गेला. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला, तेव्हापासून एक डाव तरी पुरा होतो. पण लाईट लई वेळ गेली की टॉवरचीबी बॅटरी उतरते, तिथं तुमचं माझं कुणाचंच चालत नाही, अशा दिवशी रेटिंगचा डाव लावूच नका, मुदतीचा लावा, एका चालीला एक-दोन दिवस वाला.

टाइमाचं गणित एक अजून. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. आपण रात्री ९ ला दुकान बंद करून बसलो तर तिकडं साडेबारा वाजलेले, खेळणारे झोपलेले, मग समोरचा मिळत नाही आणि आपल्याला वाटतं सर्व्हर डाउन आहे. दुपारी ४ ते ७ बसलं तर तिकडं रात्रीचे साडेसात ते साडेदहा, मजबूत गर्दी असते.

बोलण्याचं काय, तर दोन-तीन वाक्यावर भागतं. सुरुवातीला 'योरोशिकु ओनेगाइशिमासु', शेवटी 'आरिगातो गोझाइमाशिता', हरलात तर 'माकेमाशिता'. इंग्रजी अक्षरात टाका, देवनागरी टाकली तर काही ठिकाणी समोर नुसते चौकोन दिसतात. भाषांतर ॲप साध्या गप्पाला ठीक आहे पण सोंगट्यांच्या नावावर त्याच्या भरवशावर राहू नका. जपानीत बढती मिळालेल्या उंटाला 'उमा' म्हणतात, उमा म्हणजे घोडा. आपल्याला उमा म्हणलं की कुणाची तरी मावशी आठवते, ॲपला घोडा आठवतो, आणि पटावर असतो उंट. खरा घोडा वेगळाच, तो 'केइमा'.

यावरून माझ्या हातून एक घोटाळा झालेला आहे. एक म्हातारे गृहस्थ, निदान बोलण्यावरून म्हातारे वाटायचे, माझ्याशी नेमानं खेळायचे आणि डाव झाल्यावर परत चाली लावून दाखवायचे, तिकडं ती पद्धतच आहे, कानसोसेन म्हणतात. एकदा मी हरल्यावर त्यांनी एक ओळ लिहिली. ॲपनं मराठी केलं: "घोडा म्हणजे सोनं-चांदी तीन नग." आपल्याला रोज कुणीतरी सोन्याची स्कीम पाठवतंच, मला वाटलं हेबी त्यातलेच निघाले, आणि मी ब्लॉक केलं. पुढं दोन महिन्यानं कळलं की ती शोगीतली जुनी म्हण आहे, बढतीचा उंट आपल्या राजाजवळ आणून ठेवला तर तो सोन्या-चांदीच्या तीन सोंगट्यांएवढी राखण करतो. त्या डावात माझा उमा पटाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात चरत होता, आणि ते मला तेवढंच सांगायले होते.

ब्लॉक काढलाय. माफीचं वाक्य, 'सुमिमासेन देशिता', वहीच्या त्याच पानावर लिहून ठेवलंय. ते साधारण आपल्या साडेचारला ऑनलाइन येतात आणि या महिन्यात आमची लाईट चारला जायली, राउटरचा यूपीएस आहे पण समोरच्या टॉवरचं काय ते कळत नाही, उद्या दुकानाच्या गच्चीवर जाऊन बघतो तिथं दुसऱ्या सिमला रेंज येते का.